तीन खुंट्यांची खुर्ची

चंद्रशेखर मेश्राम यांचा निरोप समारंभ अगदी नीट पार पडला असता, पण त्यांच्या म्हाताऱ्या वडिलांना स्टेजवर बसवायची कल्पना कोणाला तरी सुचली. कल्पना खुद्द मेश्रामांचीच होती, पण पुढे जे घडलं त्यानंतर ते ती कायम 'कोणाला तरी सुचली' अशीच सांगत. चौतीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला जबाबदारी कुठे सरकवायची ते बरोबर कळतं.

साल दोन हजार सात, जुलैची एकतीस तारीख, गोंदियातल्या एका सरकारी कचेरीचा हॉल. खात्याचं नाव इथे सांगत नाही, कारण मेश्रामांची पेन्शन अजून त्याच खात्यातून येते. शाल झाली, नारळ झाला, भिंतीवरचं घड्याळ झालं. मग चौऱ्याऐंशी वर्षांच्या बकारामबाबांना दोघांनी धरून स्टेजवर चढवलं आणि एका जुन्या हाताच्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हटलं, बसा बाबा. बाबा बसले नाहीत. त्यांनी खुर्चीच्या हातावरून अंगठा फिरवला, नाक मुरडलं, आणि दोनशे माणसांसमोर ती खुर्ची उचलून उलटी केली. खाली वाकून तिचं पोट नीट तपासलं आणि मग समोर आलेल्या माइकमध्ये म्हणाले, "माझी नोहोय हे. म्या कचेरीसाठी बारा केल्या होत्या, सत्तावन साली. त्या अशा कुरकुरत नव्हत्या."

लोक हसले. मोठे साहेबही हसले. माणूस सज्जन होता, पण माइक समोर असला की गप्प बसणं त्यांना जमत नसे. ते म्हणाले, "बाबा, त्या काळातलं सगळं सरकारी फर्निचर जेलमधून यायचं. कैदी बनवायचे. आमच्या रजिस्टरला तशी नोंदच आहे."

झालं. दोनशे माणसांनी आपापल्या डोक्यात हिशोब मांडला. कचेरीच्या खुर्च्या जेलमधले कैदी बनवायचे. बकारामबाबांनी कचेरीच्या खुर्च्या बनवल्या. तेव्हा बकारामबाबा कुठे होते, हे सांगायला कोणाची गरजच उरली नाही. समारंभाचा चिवडा संपायच्या आत ही बातमी फुलचूरला मेश्रामांच्या गल्लीत पोचली होती. शाल आणि नारळ मागाहून पोचले.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या सुशिलाबाई विरजण मागायला आल्या. विरजण घेतलं, आणि मग आवाज खाली आणून त्यांनी मेश्रामांच्या बायकोला, अल्काबाईंना, त्यांच्या सासऱ्यांविषयी विचारलं, "मामाजी किती वर्षं होते वो आत?"

"आत म्हणजे?"

"जाऊ द्या. होते माणसाच्या हातून. तरुण रक्त राहते. मारामारीच असेल ना? खून तर नसेल?"

अल्काबाईंनी विरजणाची वाटी परत घेतली. गल्लीच्या इतिहासात दिलेलं विरजण परत घेण्याचा हा पहिलाच प्रसंग होता, आणि त्याचा उलटाच परिणाम झाला. एवढा राग आला म्हणजे खूनच असणार, असं चार घरांत ठरलं.

मेश्रामांची अवस्था तर विचारू नका. चौतीस वर्षं त्यांच्या टेबलावरून एक टाचणी इकडची तिकडे झाली नव्हती. सकाळी फिरायला गेले की ज्यांनी कधी मान वर करून पाहिलं नाही ते लोक आता मुद्दाम थांबून 'जय भीम मेश्रामजी, बाबा बरे आहेत ना' असं विचारायचे, आणि त्या 'बरे'मध्ये तुरुंगातली खिचडी, खडी फोडणं असं सगळं भरलेलं असायचं.

बाबांना मात्र राग आला होता तो वेगळ्याच गोष्टीचा. "मले जेलात घालते तं घालो," ते खाटेवर बसून म्हणाले. "पण तो कुरकुरणारा माल माझ्या नावावर कायले टाकते? जेलवाल्यायले खिळे मारता येतात. जोड नाही येत."  मग समोरच्या भिंतीकडे पाहत ते पुढे बोलू लागले. "छप्पन साली नागपूरले जाऊन दीक्षा घेतली. आल्यावर पहिलं मोठं काम भेटलं ते त्या खुर्च्यायचं. बारा खुर्च्या, लालाजीच्या लाकूड कापायच्या आऱ्यावर बसून. चौऱ्याऐंशी झाले मले, चंदू. एक तरी खुर्ची शोध न त्या तुझ्या साहेबाले दाखव. नाही तं मेल्यावर लोक म्हणतीन, जेलातला बकाराम मेला."

 हे एवढं एक काम करायचंच, असं मेश्रामांनी त्याच खाटेच्या कडेला बसून ठरवलं. नोकरीत असताना त्यांनी कुठलंही काम असं बसल्या बैठकीला ठरवलं नव्हतं.

शेजारचे गजेंद्र पटले विम्याचे एजंट होते आणि सल्ला देणं हा त्यांचा दुसरा धंदा होता. ते कुंपणावरून म्हणाले, "देखो मेश्राम साहेब, बिना सबूत के कुछ नहीं. आधी ओळख पाहिजे. बाबांच्या खुर्चीची निशाणी काय?"

निशाणी होती. बाबा सागवानाच्या खुर्चीत लोखंडी खिळा मारत नसत, धावड्याच्या लाकडाच्या खुंट्या मारत. आणि त्याही कशा, तर डाव्या हाताखाली दोन आणि उजव्या हाताखाली एक. गोंदिया-भंडाऱ्याकडे असं करणारा दुसरा मिस्त्री नव्हता. बाबा म्हणाले, "साहेब लोक उजव्या हातानं सही करते न डाव्या हातावर रेलून बसते. जेवढा मोठा साहेब तेवढा जास्त रेलते. म्हणून डाव्या अंगाले दोन."

नेमका त्याच महिन्यात मेश्रामांच्या जुन्या कचेरीत मोडक्या फर्निचरचा लिलाव होता. यादी मेश्रामांनीच निवृत्तीपूर्वी केली होती आणि प्रत्येक नगासमोर सुवाच्य अक्षरात 'बसण्यास अयोग्य' लिहिलं होतं. आता तेच मेश्राम लिलाव समितीसमोर उभे राहून म्हणाले, मला हे सगळं पाहिजे. समितीने चष्म्यावरून पाहिलं. एक-एक नग मिळणार नाही, गठ्ठ्याने घ्यावं लागेल, आणि पाचच्या आत उचलावं लागेल. गठ्ठ्यात अकरा खुर्च्या, खण न उघडणारं एक टेबल आणि टपाल ठेवायची कप्प्याकप्प्यांची मांडणी होती. बोली लावायला दुसरं कोणीच आलं नसल्याने सगळं मेश्रामांनाच मिळालं. मग नियमाप्रमाणे शिपायाने प्रत्येक नगावर लाल रंगाने 'निर्लेखित', म्हणजे नोंदवहीतून बाद, असं लिहिलं. लिहिता लिहिता ब्रश निसटला आणि थोडा रंग मेश्रामांच्या पँटवरही गेला. शिपाई म्हणाला, "राहू द्या साहेब, तुम्ही पण एकतीस तारखेलाच झाले." मेश्रामांनी ती पँट पुन्हा घातली नाही.

छोटा हत्ती टेम्पो भरून सामान फुलचूरला आलं आणि अंगणात उतरलं. बाबा खाटेवरून उठले. एकेक खुर्ची उलटी करायला लावली, खाली वाकले, आणि निकाल देऊ लागले.

"जेल. हे पण जेल. हे पाह्य, चारी जोड एका मापाचे, साच्यातून काढल्यावाणी. जेल."

अशा दहा झाल्या. अकरावी उलटी झाली तशी बाबांचा चेहरा खुलला. "हे पुनारामची. पुनाराम मिस्त्री, आमगावकडचा. लालाजीच्या आऱ्यावर माझ्या बाजूले बसे. मागचे पाय थोडे मांगं झुकवे तो. म्हणे, साहेब जेवून आला का त्याले झोप आली पायजे, मंग तो आपल्याले तरास देत नाही." बाबा त्या खुर्चीची पाठ थोपटत राहिले. पुनाराम जाऊन वीस वर्षं झाली होती. पोरांनी आरा-रंधा कधीच सोडला होता.

पण खुर्ची पुनारामची, बाबांची नव्हे. इकडे कुंपणाबाहेर वीस-पंचवीस माणसं जमली होती, आणि त्यांना जेल, जेल, जेल एवढंच ऐकू जात होतं. मेश्रामांनी बापाच्या हातचा जेलमधला माल शोधून शोधून घरी आणला, काय भक्ती आहे पोराची, असं लोक म्हणाले. सुशिलाबाईंनी तर डोळ्याला पदर लावला. पुनारामचं नाव ऐकून त्या शेजारणीला म्हणाल्या, "अजून एक साथीदार होता म्हणते."

अंगणात आता पाय ठेवायला जागा नव्हती. अल्काबाई वाळवणं टेबलावर घालत आणि टपालाच्या कप्प्यांत कांदे ठेवत. त्या म्हणाल्या, "अहो, घरात माणसं तीन आणि खुर्च्या अकरा. त्यातल्या दहावर बसलं का पडते माणूस. आता पुढचा विचार काय?" पुढचा विचार मेश्रामांनी सांगितला तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला.

विचार असा होता की, ज्या खुर्च्या अजून कचेऱ्यांत वापरात आहेत त्या खालून पाहायच्या. आता नोकरीत नसलेल्या माणसाने चालू कचेरीत शिरून खुर्च्या उलट्या करणं बरं दिसत नाही. म्हणून मेश्रामांनी पद्धत काढली. जायचं, काहीतरी विचारायचं, खिशातलं पेन खाली पाडायचं, आणि ते उचलायला वाकून टॉर्चने खुर्चीचं पोट पाहून घ्यायचं. महिनाभरात त्यांनी जिल्ह्यातल्या नऊ कचेऱ्यांत मिळून शंभराच्या वर वेळा पेन पाडलं. गुडघे गेले. लोक त्यांना दुरून ओळखू लागले. एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी त्यांना हळूच बाजूला घेऊन पेनला बांधायची दोरी दिली. मेश्राम ती दोरी घेऊन रस्त्यावर येऊन उभे राहिले, तेव्हा त्यांना खरंच रडू आलं होतं.

शेवटची कचेरी राहिली होती देवरीची. तीही त्यांच्याच खात्याची. मेश्राम सकाळच्या बसने गेले. शिपाई उदाराम ओळखीचा निघाला. म्याडम साइटवर गेल्या आहेत, बसा, चहा आणतो, असं म्हणून तो गेला. साहेबांच्या खोलीत कोणी नव्हतं. मोठ्या टेबलामागे हाताची सागवानी खुर्ची, वेताची बैठक, पाठीवर पांढरा टॉवेल. एवढा एकांत मिळाल्यावर पेन पाडायची गरजच काय. मेश्राम सरळ उताणे झाले आणि टॉर्च घेऊन खुर्चीखाली सरकले.

उजव्या हाताखाली एक खुंटी. डाव्या हाताखाली पाहिलं. एक. आणि तिच्या शेजारी आणखी एक.

मेश्रामांनी बोट लावून पुन्हा मोजलं. पन्नास वर्षं झाली होती आणि खुंटी तसूभरही हलली नव्हती. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहून दोन्ही कानांत गेलं. ते लहान असताना बाबा घरी यायचे तेव्हा अंगाला लाकूड चिकटवायच्या सरसाचा वास यायचा, तो त्यांना त्या खुर्चीखाली आला. खरं तर पन्नास वर्षांनी सरसाला वास राहत नाही, पण तो आला.

"खुर्चीखाली कोण आहे?" दारातून आवाज आला.

मेश्राम घाईने उठले. कपाळ खुर्चीच्या बैठकीच्या चौकटीवर आपटलं. त्या आवाजाने उदाराम चहासकट धावत आला. दारात साइटवरून परतलेल्या म्याडम, मंजू कापगते, उभ्या होत्या. वय तिशीच्या आसपास, बुटांना चिखल, हातात हेल्मेट. मेश्राम टॉवेल डोक्याला धरून म्हणाले, "मी मुख्य लिपिक. सेवानिवृत्त."

"निवृत्त झाल्यावर इथे राहता का?"

उदाराम मध्येच बोलला, "म्याडम, लिंबू ठेवाले तं नाही आले हे? या खुर्चीवरचे आधीचे तिन्ही साहेब वर्षाच्या आत बदलून गेले." आणि दुर्दैव पाहा. मेश्रामांची पिशवी उघडली तर टॉर्च निघाली, डबा निघाला आणि लिंबू निघालं. बसमध्ये मळमळतं म्हणून अल्काबाईंनी घातलं होतं. मेश्रामांचा संताप अनावर झाला. ते म्हणाले, "म्याडम, आम्ही बुद्धाचे लोक आहोत. आम्ही लिंबू फक्त पिळतो."

मंजूबाई हसल्या. मग त्यांनी मेश्रामांना पाणी दिलं आणि सगळी हकिकत ऐकून घेतली, निरोप समारंभापासून पेनच्या दोरीपर्यंत. ऐकल्यावर म्हणाल्या, "आम्ही कोहळी. आमच्या गावचा तलाव आमच्या लोकांनी बांधला. कागदावर मालगुजाराचं नाव आहे, आमच्या कोणाचं नाही. मला कळतंय तुम्ही काय म्हणता ते. उदाराम, जडसंग्रह आणा."

जडसंग्रह नोंदवही म्हणजे कचेरीतल्या टेबल-खुर्च्यांची जन्मपत्रिका. उदारामने ती झटकून आणली. म्याडमनी नोंद काढली. 'खुर्ची, सागवानी, हाताची, वेताची, नग एक.' पुढचा रकाना, 'कोणाकडून प्राप्त'. त्यात दोन छोट्या उभ्या रेघा, म्हणजे वरीलप्रमाणे. त्याच्या वरच्या नोंदीलाही दोन रेघा. त्याच्याही वरच्या. पान उलटलं तर रेघाच रेघा. पार पहिल्या पानावर पहिली नोंद होती, 'बाक, लांब, नग एक. कारागृहाकडून.' त्या एका बाकाखाली कचेरीतलं सगळं सामान वरीलप्रमाणे जेलमध्ये गेलं होतं.

"अक्षर किती सुंदर आहे," म्याडम म्हणाल्या. "कोणाचं आहे हे?"

 अक्षर मेश्रामांनी केव्हाच ओळखलं होतं. पानाच्या तळाशी सही होती, चं. ब. मेश्राम, वरिष्ठ लिपिक, मे १९९९.

त्या वर्षी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि भंडाऱ्याहून अर्धं सामान ट्रकने आलं. भंडाऱ्याची मूळ वही वाळवीने वाचून संपवली होती, म्हणून नवी करायची होती. मेचं ऊन, चारशे बारा नग, बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवतोय, आणि मेश्राम एकटे लिहायला. पहिला बाक जेलचा होता, हे नक्की. बाकीचं कोण तपासत बसतो? त्यांनी रेघा मारल्या, आणि काम एका दिवसात केलं म्हणून तेव्हा साहेबांनी पाठ थोपटली होती. मोठे साहेब समारंभात बोलले ते याच वहीच्या गोंदियातल्या प्रतीवरून.

घरी येऊन मेश्रामांनी बाबांना सगळं सांगितलं. सांगताना मान वर केली नाही. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे पोलिसानं नाही गा. तूच नेऊन घातलं मले आत." आणि त्यांना जे हसू फुटलं ते ठसका लागेपर्यंत थांबेना. अल्काबाई पाणी घेऊन धावल्या. मेश्राम मात्र हसू शकले नाहीत. ते म्हणाले, "बाबा, मीच बाहेर काढतो." असं बोलल्यावर आपण काय बोललो ते कळून तेही हसले.

चार दिवसांनी बाबा, मेश्राम, अल्काबाई आणि साक्षीदार म्हणून गजेंद्र पटले असे देवरीला गेले. बाबांनी कोरं धोतर नेसलं होतं आणि हत्यारांची थैली बरोबर घेतली होती. कचेरीत गेल्यावर त्यांनी कोणाला रामराम-जयभीम काही केलं नाही, सरळ खुर्चीकडे गेले. टॉवेल काढून गजेंद्रच्या खांद्यावर टाकला. खुर्ची उलटी केली आणि तिन्ही खुंट्यांवरून अंगठा फिरवला.

"होय गा," ते म्हणाले. "माझी हाये."

एवढंच. मग लगेच त्यांचा आवाज चढला. "हा खिळा कोणं मारला?" मागच्या पायात एक लोखंडी खिळा होता. उदाराम हळूच म्हणाला, मी मारला, दोन हजार दोन साली, थोडी हलत होती. बाबांनी पकडीने तो खिळा उपटून त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "हलत होती तं फुलचूरले येता येत नव्हतं का? जिता हाये ना मी." उदारामने मान खाली घातली. बाबांनी थैलीतून धावड्याचा तुकडा काढला, वासल्याने खुंटी तासली आणि ठोकली. खुर्ची सरळ ठेवून हलवून पाहिली. हलली नाही.

आता प्रश्न राहिला नोंदीचा. म्याडमनी वही उघडून लाल पेन मेश्रामांपुढे धरलं. "करा दुरुस्ती. मी सही करते." मेश्राम लिहायला वाकले आणि थांबले. चौतीस वर्षांची सवय, सुटते कुठे? म्हणाले, "म्याडम, अडचण आहे. या नोंदीत बाबांचं नाव लिहिलं तर खालच्या नोंदीत वरीलप्रमाणे आहे. म्हणजे खालचं सगळं बाबांनी केलं असं होईल. चाळीस खुर्च्या, बावीस टेबलं, घंटी, पाण्याचा ड्रम आणि लोखंडी कपाट."

गजेंद्र म्हणाले, "होऊ द्या ना. बाबांचाच फायदा आहे. जितना ज्यादा उतना अच्छा."

"दुसऱ्याच्या हातचं मी नाही घेत," बाबा म्हणाले. "आन ते सारं इकडं. उलटं करा. ज्याचं त्याच्या नावावर लिहू."

मग त्या दिवशी देवरीच्या त्या कचेरीत जे झालं ते पुन्हा कुठल्या कचेरीत होईल असं वाटत नाही. म्याडमनी होकार दिला आणि पाच खोल्यांतल्या सगळ्या खुर्च्या हॉलमध्ये आणून उलट्या केल्या. टेबलं आडवी पाडली. बसायला काही उरलं नाही, म्हणून कारकून फरशीवर मांडी घालून बसले. दाखल्यासाठी आलेले दोन शेतकरीही टेकले. म्याडम भिंतीला पाठ लावून बसल्या. मेश्राम वही मांडीवर घेऊन मध्यभागी. आणि बाबा उलट्या पायांच्या त्या रानातून काठी टेकत फिरू लागले.

"जेल. लिहा जेल, त्यायनं पण मेहनत केली. हे पुनारामची. हे पाह्य, हे पण पुनाराम. लिहा पूर्ण, पुनाराम मिस्त्री, आमगाव. हे वेताचं विणकाम जागेश्वरचं, एका डोळ्यानं कमी दिसे त्याले, पण बोटायले दिसे. हे टेबल कोण्या बालाघाटच्या माणसाचं हाये, नाव नाही माहीत. लिहा, बालाघाटचा चांगला माणूस."

"असं लिहिता येत नाही बाबा," मेश्राम म्हणाले.

"काऊन? चांगला नोहोय का?"

मेश्रामांनी म्याडमकडे पाहिलं. म्याडमनी मान हलवली. मेश्रामांनी लाल शाईत लिहिलं, 'बालाघाटचा चांगला माणूस', आणि समोर तारीख टाकली. लोखंडी कपाटाशी बाबा थांबले, त्याला काठीने टकटक केलं आणि म्हणाले, याच्यातलं मले काही समजत नाही, याले राहू द्या जेलात. बाकी जे जेलचे नव्हते ते सगळे दोन तासांत जेलाबाहेर पडले.

गजेंद्रने मध्येच फुलचूरला मोबाइल लावून बातमी दिली. पलीकडून सुशिलाबाईंचा आवाज सगळ्यांना ऐकू आला, "सुटले का? माय वो, कधी सुटले?" अल्काबाईंनी फोन हातात घेतला आणि सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली, अगदी रेघा कोणी मारल्या त्याच्यासकट.  मग सुशिलाबाई म्हणाल्या, येताना भेटून जा, विरजण लावून ठेवते. अल्काबाईंनी हो म्हटलं.

शेवटची नोंद राहिली होती ती बाबांची. मेश्रामांनी तिच्यासाठी पेन झटकून घेतलं. रेघांवर आडवी काट मारली आणि आयुष्यात लिहिलं नव्हतं इतक्या सावकाश लिहिलं, 'बकाराम मेश्राम यांजकडून. सन १९५७.' म्याडमनी जमिनीवर बसल्या बसल्याच सही केली. मेश्रामांनी वही वर धरून बाबांना नाव दाखवलं.

बाबांनी चष्मा नीट करून ते वाचलं. दोनदा वाचलं. दोन तास उभे होते, थकले होते. हात मागे चाचपत त्यांनी काही आधार मिळतो का पाहिलं. अख्ख्या हॉलमध्ये सरळ उभी असलेली एकच खुर्ची होती, त्यांची स्वतःची. बाबा तिच्यावर बसले.

सगळे जिथल्या तिथे थांबले.  कोणी सांगितलं नव्हतं, पण मेश्रामांना पक्कं कळलं की बारा खुर्च्या बनवणारा हा माणूस त्यातल्या एकीवर आज पहिल्यांदाच बसला आहे. बाबांनाही ते तेव्हाच कळलं असावं. त्यांनी हळूच पाठ टेकवली, डाव्या हातावर भार दिला, आणि खाली पायांकडे पाहिलं. पाय जमिनीला टेकत नव्हते. बोटभर वर राहिले होते.

"उंच झाली गा थोडी," बाबा म्हणाले. "माप साहेबाचं घेतलं होतं मी."

मंजूबाई उठून जवळ आल्या. "खुर्चीचे पाय थोडे कापून घ्यायचे का बाबा? आताच करून टाकू. हत्यारं आहेत ना."

"राहू दे बाई," बाबा म्हणाले. "आता बसून राहिलो मी."